पोशाखाचा पट्टा रंगवण्याआधी

मावळ्याच्या पोशाखासाठी निवारीचा पट्टा घरीच रंगवण्याचा आपला बेत उत्तम आहे. मात्र रंग विकत घेण्यापूर्वी पट्ट्याचा एक धागा ओढून जाळून पाहावा. सुताची मऊ राख होते, तर पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो, आणि अशा पट्ट्यावर सुती कापडाचा रंग चढत नाही.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे खळ न काढताच पट्टा रंगात बुडवणे. निवार जाड असते, त्यामुळे ती साबणाच्या गरम पाण्यात धुऊन, रात्रभर साध्या पाण्यात भिजवून ओलीच रंगात घालावी. नाहीतर कडा गडद होतात आणि विणीच्या आत पांढरेपणा राहतो.

आरंभी थंड पाण्यातला रिॲक्टिव्ह रंग (सुताच्या धाग्याशी रासायनिकरीत्या जोडला जाणारा रंग) घ्यावा आणि एवढे सांभाळावे:

- बक्कल आधी काढावे.
- भांडे स्टीलचे किंवा प्लॅस्टिकचे असावे, ॲल्युमिनियमचे नको. ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.
- मीठ आधी घालावे. धुण्याचा सोडा मात्र रंग आत मुरल्यानंतरच, कारण सोडा पडताच रंग पक्का होऊ लागतो.

ओला रंग गडद भासतो, म्हणून त्याच निवारीचा तुकडा रंगवून, वाळवून छटा ठरवावी. रंग मिसळून नव्या छटा करण्याचा विचार सध्या नको. शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा असल्यास तो पांढराच राहील. माझ्या मते तो शोभतोही.