गोठ्यात उभी असलेली जुनी जावा सुरू करून, मॉडिफाय करून सातपुड्यात फिरवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की धुळे तालुक्यात मामांच्या गोठ्यात १९७० च्या आसपासची जावा मोटरसायकल अठरा वर्षांपासून उभी आहे. मामा फुकट द्यायला तयार आहेत. ती सुरू करायची, थोडी बॉबरसारखी (मागून छाटलेली, आखूड) करायची आणि तोरणमाळ, पाल, बऱ्हाणपूर असं फिरायचं, हे जमेल का आणि खर्च वाया तर जाणार नाही ना, असा तुमचा प्रश्न आहे.

फिरणं जमेल. बॉबरचं मात्र डोक्यातून काढा. कारण पुढे सांगतो.

माझ्याकडे नानांची, म्हणजे वडिलांची, १९६९ ची जावा आहे. अमळनेर तालुक्यात ते मास्तर होते आणि शाळा, शेत, लग्नकार्य, दवाखाना सगळं याच गाडीवर व्हायचं. त्यांच्यानंतर ती नऊ वर्षं ओसरीत पडून होती. २०१९ साली मी काढली. त्यामुळे तुमच्या गाडीची अवस्था न बघताही मला बरीचशी दिसते.

‘जुनी युरोपियन मोटरसायकल’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर नॉर्टन आणि ट्रायम्फ येतात. आपल्या खान्देशात त्या शोधायला कुठे जाता? इथली बुलेट मुळात इंग्लंडची. दूधवाल्यांची राजदूत पोलंडच्या एसएचएल एम ११ वरून आलेली. आणि जावा चेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक (रोमन लिपीत Janeček) नावाच्या माणसाने १९२९ साली जर्मन वांडरर कंपनीकडून मोटरसायकल बनवायचा हक्क घेतला, स्वतःच्या नावातलं ‘जा’ आणि वांडररमधलं ‘वा’ जोडून जावा केलं. आपल्याकडे १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात ती बनायला लागली, पुढे तिचंच येझदी झालं आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. म्हणजे केळीचे घड आणि कापसाची गाठोडी वाहून नेणाऱ्या या गाड्या जन्माने युरोपियनच, फक्त कोणी तसं म्हणत नव्हतं.

आधी कागद. गाडी फुकट मिळतेय म्हणून यात ढिलाई करू नका. मूळ आरसी बुक शोधा आणि त्यातला इंजिन नंबर, चेसिस नंबर स्वतः वाचून गाडीवरच्या नंबराशी जुळवा. त्या काळी इंजिन बिघडलं की दुसऱ्या गाडीचं सरसकट बसवायचे आणि कागदावर नोंद कोणी करायचं नाही. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण, सोबत पर्यावरण कर. गाडी ५० वर्षांच्या वरची असेल तर २०२१ पासून ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नोंदणीही मिळते. तिची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. पण त्या नंबरावर गाडी रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. शिवाय गाडी मूळ रूपात लागते. तुम्हाला फिरायचंय, म्हणून साधं नूतनीकरणच करा. मामा हयात आहेत तोवर नावावर करून घ्या. मी हे नानांच्या पश्चात केलं. वारस दाखला, दोन्ही बहिणींच्या सह्या, आरटीओ कार्यालयाच्या सात चकरा. सातव्या चकरेला साहेब म्हणाले, “चेसिस नंबर पुसट आहे.” मी सुती कापड आणि रॉकेल घेऊन तिथेच मांडी घालून बसलो.

आता गाडी. घरी नेलीत की पहिली किक मारायची नाही! हे मोठ्या अक्षरात लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं. अठरा वर्षांत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने धरलेल्या असतात. जोर लावून किक मारली की रिंग तुटते आणि तिचा तुकडा सिलिंडरवर चर काढतो. प्लग काढा, आत थोडं डिझेल आणि ऑइल ओता, दोन दिवस राहू द्या. मग किक हाताने दाबून हळूहळू फिरतंय का बघा. सायलेन्सर आणि एअर फिल्टरमध्ये उंदराचं घरटं सापडलं तर नवल वाटून घेऊ नका. माझ्या गाडीत कापूस, सुतळी आणि शाळेच्या हजेरीपटाचे तुकडे निघाले. गोठ्यातल्या गाडीला आणखी एक दुखणं असतं. गुरांच्या मुताचा अमोनिया क्रोम खातोच, पितळही खातो. म्हणून कार्बोरेटरचे पितळी जेट (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोट्या) नुसते धुऊन वापरू नका, नवे टाका.

मिस्तरी म्हणेल, “चालू तर झाली, आता कशाला खोलता?” तरी इंजिन खोलाच. क्रॅंकचे (पिस्टन ज्याला फिरवतं त्या दांड्याचे) ऑइल सील रबरी असतात आणि उभ्या गाडीत ते वाळून दगड होतात. क्लचच्या बाजूचा सील गेला की इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढून जाळतं, पांढरा धूर थांबत नाही. डायनॅमोच्या बाजूचा गेला तर ते जास्त वाईट, कारण धूर दिसत नाही. तिथून नुसती हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापतं आणि एक दिवस पिस्टन चिकटतं. हे दोन सील आणि बेअरिंगा म्हणजे या गाडीचा जीव. रंगाचे पैसे आधी इथे घाला. इंजिन, वायरिंग, टायर मिळून माझे पंचेचाळीस हजार गेले. रंग अजून नानांच्या वेळचाच आहे, टाकीवर त्यांच्या गुडघ्यांनी घासलेले दोन डाग आहेत आणि ते मी जाऊ देणार नाही. पार्ट मिळतात. जुन्या गाड्यांचा संसार मोठा आहे, दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस होतो, तिथे जा, माणसं ओळखीची होतील. फक्त २०१८ पासून आलेल्या नव्या जावाचे पार्ट याला लागतील असं कोणी सांगितलं तर तिथून उठा. ती चार स्ट्रोकची, पाण्यावर थंड होणारी, आपली दोन स्ट्रोकची, नाव तेवढं एक.

पहिल्यांदा चालवाल तेव्हा गोंधळ होईल. गिअर आणि किक एकाच दांड्यावर, डाव्या बाजूला. तो आत दाबून मागे उचलला की किक, परत पुढे आणला की गिअर. आणि गिअर टाकताना दांडा दाबला की क्लच आपोआप सुटतो, हात लावायची गरज नाही. नाना एका हातात दुधाची किटली धरून असेच गिअर टाकायचे. न्यूट्रल मात्र थांबल्यावर शोधत बसू नका, सापडत नाही. चाक फिरतंय तोवर अलगद काढून घ्यायचं.

आता तुमचं बॉबर. बॉबर म्हणजे मागचा मडगार्ड कापायचा, चेसिसची शेपटी छाटायची, दोन्ही सायलेन्सर काढून एक आखूड पाइप लावायचा. चेसिस कापलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये सापडलात, पुढचं नूतनीकरण अडलं. पण कायदा बाजूला ठेवा. दोन स्ट्रोकच्या गाडीत सायलेन्सर ही सजावट नसते, तो इंजिनाचाच भाग असतो. तिला व्हॉल्व्ह नाहीत. धूर बाहेर पडताना ताजं मिश्रणही त्याच्या मागोमाग निसटू बघतं. सायलेन्सरच्या आतून उलटी येणारी दाबाची लाट त्याला पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. लांबी बदलली की ती लाट अवेळी येते. धुळ्यातल्या एका पोराने पाइप छाटून आणला होता, आमच्या मिस्तरींनी गाडी एक चक्कर मारून आणली आणि म्हणाले, “आवाज वाढना, ताकद गई.” म्हणजे आवाज वाढला, ताकद गेली. पोराला पटलं नाही, आवाज आवडला होता. मूळ सायलेन्सरच ठेवा, आतला बॅफल (आवाज दाबणारी नळी) वर्षातून एकदा काढून विस्तवात जाळून कार्बन झाडा. हे शेतात करा, शेजारपाजार असेल तिथे नको.

बदल करायचेच तर असे करा की उद्या परत काढता येतील. मी तीनच केले. सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्ट केलं, कारण जुन्या दिव्यात समोरून ट्रक आला की स्वतःचाच रस्ता दिसत नाही. जुना रेग्युलेटर डब्यात जपून ठेवलाय. ब्रेकच्या शूला नवं लायनिंग. ड्रम ब्रेकच आहे, त्यामुळे थांबायचं अंतर मनात धरूनच चालवायचं. आणि पेट्रोलच्या सगळ्या नळ्या, कॉकचे वायसर नवे, इथेनॉलला टिकणारे. आता पंपावर येतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनं रबर फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढतं. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडा पडेपर्यंत इंजिन चालू ठेवा.

ऑइलचं बघा. ते पेट्रोलातच मिसळायचं असतं. मी लिटरला ४० मिली टाकतो, म्हणजे पंचविसास एक. आपल्याकडे जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर गेला की लोक जास्तच ऑइल टाकतात, इंजिन तापू नये म्हणून. उलटं होतं. जेटमधून जाणाऱ्या पेट्रोलाची जागा ऑइल घेतं, तेवढं पेट्रोल कमी, मिश्रण पातळ, इंजिन जास्त तापणार. माप धरा आणि प्लग बघत राहा. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा रंग आला की समजा ठीक चाललंय.

आणि घाट. हे मी पैसे मोजून शिकलो, तुम्ही फुकट घ्या. तोरणमाळला यशवंत तलावाकाठी रात्र काढून सकाळी शहाद्याकडे उतरत होतो. दुसरा गिअर, थ्रॉटल पूर्ण बंद, इंजिनच्या ब्रेकवर छान वळणं घेत. पेट्रोल वाचतंय म्हणून मनातल्या मनात खूश. घाट संपला, सपाटी आली, तिसरा टाकून थ्रॉटल उघडला आणि चार-पाचशे मीटरवर इंजिनातून असा आवाज आला की जणू कोणी कोरड्या पाट्यावर वरवंटा ओढतंय. मागचं चाक जाम होऊन फरफटलं. क्लच दाबला म्हणून वाचलो. काय झालं होतं? या गाडीला ऑइल पेट्रोलातूनच मिळतं. थ्रॉटल बंद म्हणजे ऑइलही बंद, आणि उतारामुळे इंजिन मात्र गरागरा फिरतंय. घाटभर पिस्टन जवळजवळ कोरडं घासलं जात होतं. मी मोहाच्या सावलीत बसलो. तेवढ्यात एक पिकअप थांबली. “काय व्हयनं भाऊ?” म्हणत ड्रायव्हर उतरला, इंजिनला हात लावायला गेला आणि चटका बसून झटकन मागे झाला. गाडी पिकअपमध्ये चढवली, दोन क्रेट टोमॅटोंच्या मध्ये. भाडं घेतलं नाही, चहाही त्यानेच पाजला. सिलिंडर खोलल्यावर पिस्टनच्या बाजूला उभे चकचकीत ओरखडे होते, नखाला लागत होते. बोअर करून मोठ्या मापाचं पिस्टन टाकावं लागलं.

तेव्हापासून उतारावर दर थोड्या वेळाने क्लच दाबून थ्रॉटल क्षणभर उघडतो, घोट पाजल्यासारखं. चाळीसगावकडे उतरताना कन्नड घाटातही तेच.

रस्ता विचारलात तर सुरत-नागपूर हायवेवर या गाडीला नेऊ नका. ट्रक मागून हॉर्न देतात आणि आपण साठच्या वर जायचं नाही, दोघांनाही त्रास. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता धरा. शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर, डाव्या हाताला सातपुडा सोबतीला. डिसेंबरात पहाटे साडेपाचला निघा, चोपड्याच्या पुढे केळीच्या बागांतून गार हवा अंगावर येते आणि इंजिन एका सुरात लागतं. चाळीस-पन्नास किलोमीटरला थांबा. यावलकडे भरिताचा मोसम असेल तर कळण्याच्या भाकरीसोबत जेवून घ्या आणि बऱ्हाणपूरला मावा जिलेबी. मार्च ते जून या फेरीला जाऊ नका, गेलात तर नऊच्या आत सावलीला.

डिकीत दोन प्लग, पॉइंटचा (ठिणगीची वेळ साधणाऱ्या खटक्याचा) सेट, क्लचची केबल, एक ट्यूब, पान्हे आणि ऑइलची मापाची बाटली. पॉइंटची फट मोजायला ०.४ मिलीमीटरची पट्टी ठेवा. आणि मामांकडे गाडीची किल्ली नसेल तर कुलूपवाल्याकडे जाऊ नका. गावात दुसरी कोणाची जावा असेल तर त्याची मागून बघा, बहुतेक वेळा तीच लागते.