शेजारचे कांडप यंत्र आणि ‘आम्ही आधीपासून आहोत’

प्रश्न : आमच्या भिंतीपासून दहा फुटांवर शेजाऱ्यांचे मिरची कांडप यंत्र २२ वर्षांपासून आहे. आमचे घर ४ वर्षांपूर्वीचे. उन्हाळ्यात यंत्र रात्री अकरापर्यंत चालते, मांडणीवरची भांडी थरथरतात आणि खकाणा घरात येतो. आईला दमा आहे. शेजारी म्हणतात, ‘परवाना आहे, शिवाय आम्ही आधीपासून आहोत.’ काही करता येईल का?

उत्तर : करता येईल. परवान्याची सबब लंगडी आहे, कारण त्याने शेजाऱ्यांना उपद्रव देण्याचा हक्क मिळत नाही. ‘आधीपासून’ची सबब मात्र नीट पाहायला हवी, कारण सुविधाधिकार अधिनियम, १८८२ (दुसऱ्याच्या जागेसंबंधीच्या वापर-हक्कांचा कायदा) नुसार २० वर्षे उघडपणे आणि अखंड उपभोगलेला हक्क पक्का होऊ शकतो. यावर लंडनमधला १८७९ चा निवाडा आजही दाखला म्हणून दिला जातो, आणि योगायोग असा की तोही कुटण्याचाच होता. एका मिठाईवाल्याचे खल वीस वर्षांहून अधिक काळ चालू होते. शेजारच्या डॉक्टरांनी बागेच्या टोकाला तपासणीची खोली बांधली, तेव्हा कुठे त्यांना त्रास सुरू झाला. तरीही न्यायालयाने डॉक्टरांच्याच बाजूने, मिठाईवाल्याविरुद्ध मनाईहुकूम दिला, कारण ज्या काळात तक्रारीला जागाच नव्हती, तो काळ हक्कासाठी धरता येत नाही. तुमचा प्लॉट १८ वर्षे मोकळा होता, हे वकिलांना आवर्जून सांगा.

आईच्या दम्यावर मात्र दावा उभारू नका. कसोटी सामान्य प्रकृतीच्या माणसाची असते. विटा दळण्याच्या यंत्राविरुद्ध एका डॉक्टरांनी लढलेल्या खटल्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९८२ मध्ये कायमची मनाई दिली. तेथे खोलीत बसलेल्यांच्या कपड्यांवर तांबूस थर दिसत असे. तुम्हीही पांढरा पंचा वाळत घालून त्यावर बसलेल्या खकाण्याचे तारीखवार फोटो ठेवा आणि यंत्राच्या वेळा टिपून ठेवा. निवासी भागात रात्री १० नंतर आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हेही उपयोगी पडेल.

वकिलामार्फत नोटीस देऊन दिवाणी न्यायालयात कायम मनाईचा दावा, सोबत तूर्तातूर्त (निकालाआधीच्या तात्पुरत्या) मनाईचा अर्ज करावा आणि पाहणीसाठी कोर्ट कमिशनर (न्यायालयाने नेमलेला पाहणी अधिकारी) मागावा. यंत्र बंदच करा, असा हट्ट माझ्या मते धरू नये. वेळेचे बंधन, धूळ ओढणारा पंखा आणि यंत्राखाली रबरी बैठक एवढे मागितले, तर न्यायालय ते अधिक सहज देईल. अर्ज मिरचीचा हंगाम सुरू होण्याआधीच दाखल होऊ द्या.