भिंतीवरचा कवड्या, कोठ्यातली धामण

पावसाळा लागला की या सदराला सापांची पत्रं येणार हे ठरलेलंच. आधीच सांगते, मी सापांची जाणकार वगैरे नाही. 31 वर्षं आरोग्यसेविका म्हणून वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या उपकेंद्रांवर काढली, आणि आता घरच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, चार पावसाळ्यांपासून एक धामण येऊन-जाऊन असते. माझा अधिकार तेवढाच.

प्रश्न : मावशी, आमच्या न्हाणीच्या भिंतीवर रात्री दीडेक फुटाचा पट्ट्यापट्ट्यांचा साप चढलेला दिसला. सासऱ्यांनी मण्यार म्हणून मारला. आठ दिवसांत तस्साच दुसरा आला, तो छपराच्या कवेलूत शिरला. लेकराला घेऊन झोपायची भीती वाटते. मण्यारच असेल का? (एक सून, दारव्हा तालुका)

पोरी, साप डोळ्यांनी पाहिल्याशिवाय छातीठोक सांगणं बरं नाही. पण सरळ भिंत चढून जाणारा, दीड फुटाचा, तपकिरी अंगाचा असेल तर तो बहुतेक कवड्या. विष नाही त्याला. न्हाणीतल्या दिव्याला किडे येतात, किड्यांवर पाली येतात आणि पालींसाठी हा येतो. रात्री तुमच्या भिंतीवर त्याचं दुसरं काही काम नसतं.

फरक पट्ट्यांवरून पाहायचा. कवड्याचे पिवळट पांढरे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढच्या अंगावर ठसठशीत असतात आणि शेपटीकडे जाता जाता विरतात. मण्याराचं उलटं. त्याचं अंग काळंभोर, निळसर चमक मारणारं. पांढरे पट्टे बारीक, बरेचदा दोन-दोनच्या जोडीने, आणि मानेजवळ नसतात किंवा पुसट असतात. शेपटीकडे ते दाट होत जातात. मण्याराच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक ओळही असते. पण ती पाहण्याइतकं जवळ कोणी जाऊ नये, म्हणून ती विसरूनच जा. आणि एक खोच आहे : मण्याराच्या पिल्लाला पट्टे पार मानेपर्यंत दिसू शकतात. म्हणजे लहान साप असेल आणि मनात शंका असेल तर तो मण्यारच धरून वागायचं.

हे मी एवढ्या ठामपणे सांगते, कारण दोन्हीकडून चुकले आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी क्वार्टरच्या खिडकीत कवड्या दिसला आणि मी आरडाओरडा करून चौघांना गोळा केलं. त्यांनी त्याचा चेंदामेंदा केला. गावात माझं कौतुक झालं, बाईनं मण्यार धरून दिला म्हणून. दोनेक वर्षांनी श्रावणात पहाटे एक बाप दहा वर्षांच्या पोराला घेऊन दारात उभा. "बाई, पोट दुखून रायलं याचं, रातभर झोपला नाही." पोरगं खाली सतरंजीवर झोपलं होतं. अंगावर जखम नाही, सूज नाही. मी पोटदुखीची गोळी दिली आणि घरी पाठवलं. तासाभराने बाप परत आला तेव्हा पोराच्या पापण्या उघडत नव्हत्या, बोलणं जड झालं होतं. मण्याराचा दंश असाच असतो. दात इतके बारीक की झोपलेल्या माणसाला कळतही नाही; मग पोट दुखतं, पापण्या पडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. मिळेल त्या जीपने जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, मशीनवर श्वास दिला, पोरगं वाचलं. आज त्याला स्वतःची दोन लेकरं आहेत. ती गोळी मात्र मी विसरलेले नाही.

म्हणून तुझ्या झोपेचं सांगते. लेकराला खाली झोपवू नको. खाट असू दे, मच्छरदाणी असू दे आणि तिच्या कडा गादीखाली घट्ट खोचलेल्या असू दे. मच्छरही गेले, मण्यारही गेला. न्हाणीच्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बसव आणि तिथला दिवा रात्रभर जळत ठेवू नको. सासऱ्यांना हे पान वाचून दाखव, पण जेवण झाल्यावर.

प्रश्न : गुरांच्या कोठ्यात मोठी धामण आहे. तेव्हापासून म्हैस दूध चोरते. धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते असं सगळेच म्हणतात. शिवाय धामण ही नागाची मादी असते, म्हणजे मागोमाग नागही येईल ना? (एक शेतकरी, पुसद तालुका)

भाऊ, आमच्याही गावात असंच म्हणतात, माझी आजी तर शपथेवर सांगायची. पण सापाचं तोंड पाहा एकदा. ओठ नाहीत, आत मागे वळलेले सुईसारखे दात. चोखायला ओठ आणि गाल लागतात. त्या दातांनी सडाला धरलं तर तुमची म्हैस शांत उभी राहील का? अख्खा कोठा डोक्यावर घेईल. दूध कमी झालं असेल तर आधी कास दाबून पाहा, गरम किंवा कडक लागते का ते बघा. कासदाह असू शकतो, गाभण असू शकते, ढेप बदलली असू शकते. जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. धामणीच्या नावावर पंधरा दिवस घालवाल तर सड जाईल.

धामण तुमच्या कोठ्यात आली ती कुटाराच्या ढिगातल्या उंदरांसाठी. दोन मीटरच्या पुढे वाढणारा साप आहे, दिवसा फिरतो, तीरासारखा पळतो. डोळे मोठे, जबड्याच्या कडेवर काळ्या उभ्या रेघा, फणा अजिबात नाही. कोंडलात तर गळा फुगवून गुरगुरते आणि चावतेही, पण विष नाही. शेपटीचा फटका लागला की अंग सडतं, हेही ऐकलं असेल. सोडून द्या.

आणि नागाची मादी नागीणच असते. धामण ही जातच वेगळी, तिच्यात नर-मादी दोन्ही असतात. नाव बाईचं पडलं म्हणून घोळ झाला. शेतात दोन साप एकमेकांना गुंडाळून उभे राहतात, लोक हात जोडतात, वरून नवं धडपं टाकतात. ते बहुतेक वेळा दोन नर धामण असतात, आणि त्यांची कुस्ती चाललेली असते.

नाग मागोमाग येईल का? उंदीर त्यालाही आवडतात. त्याला बोलावणारे उंदीरच, धामण नव्हे. उलट ती जितके उंदीर खाईल तितकं बरं.

प्रश्न : वाडीत मांडूळ सापडलं. एक जण वजनावर भाव देतो म्हणतो, लाखांत. (नाव कळवलं नाही)

नाव कळवलं नाहीत ते बरं केलंत. मांडूळ म्हणजे मातीत राहणारा, उंदीर खाणारा बिनविषारी साप. शेपूट बोथट, तोंडासारखी दिसते, म्हणून दुतोंड्या. सहा महिने इकडचं तोंड, सहा महिने तिकडचं, असं काही नसतं. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. लाख देणारा माणूस सहसा आधी तुमच्याकडूनच काही हजार काढतो, आणि अटक होते तेव्हा तो कुठे दिसत नाही. जिथे सापडलं तिथेच सोडा.

प्रश्न : मोरीत गांडुळासारखे काळे बारीक साप निघतात. कानात जातात का?

नाही. तो वाळा. गांडुळाच्या अंगावर वळ्या असतात, याचं अंग गुळगुळीत, चमकदार. मुंग्या-वाळवीची अंडी-पिल्लं खातो. गंमत म्हणजे यांच्यात नर नसतातच, सगळ्या माद्या, आणि नराशिवायच पिल्लं होतात. केरसुणीने सुपलीत घ्या आणि कुंडीत टाका.

प्रश्न : बिनविषारी साप चावला तरी दवाखान्यात जायचं का? आणि विहिरीवरचा ढोंड्या फार चावरा आहे, त्याचं काय? (एक वाचक, समुद्रपूर तालुका)

ढोंड्या, म्हणजे पाणदिवड, रागीट खरा, पण विष नाही. साबणाने धुवा, धनुर्वाताची सुई घ्या.

पण बिनविषारी हे ठरवलं कोणी? आमच्याकडे परड म्हणतात त्या विषारी घोणसाला आणि बिनविषारी डुरक्या घोणसाला भलेभले एकमेकांत मिसळतात. घोणसाच्या पाठीवर साखळीसारखे लांबट गोल ठिपके, तीन ओळींत, शिस्तीत; छेडलं तर कुकरच्या शिटीसारखा फुत्कार. डुरक्याच्या अंगावर वेडेवाकडे डाग आणि शेपूट आखूड, खरखरीत. कापूस वेचताना एवढं निरखायला कोणाला वेळ आहे? म्हणून चावला की दवाखाना, आणि दाताच्या खुणा मोजत बसायचं नाही. आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. हात-पाय हलू न देता 108 ला फोन करा. साप मारून पिशवीत आणण्याचीही गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते. घोणसाचा संशय असला तर डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं ठेवतात. गोठलं नाही की त्यांना उत्तर मिळतं. आमच्या उपकेंद्रावर एकदा जिवंत घोणस दुधाच्या किटलीत आणला होता. पेशंट एक, पळणारे अकरा.

प्रश्न : साप येऊच नये म्हणून फिनाईल, लसूण, रॉकेल, काय टाकावं?

काहीच नाही. रॉकेलने विहिरीचं पाणी मात्र नासतं. घरात साप दिसला तर दार लावून, फटीत पोतं कोंबून वनविभागाला 1926 वर फोन करा, किंवा गावातल्या सर्पमित्राला बोलवा. सांदवाडीत धामण दिसली तर दोन मिनिटं थांबा, ती स्वतःच जाते.

काम करायचंच असेल तर पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, ढीग घराच्या भिंतीला टेकलेला असतो तो उचला. आम्ही दरवर्षी चुलीसाठी तो तिथेच रचतो आणि उंदरांना पक्कं घर करून देतो. गोवऱ्या आणि इंधन विटांवर, हातभर उंच, भिंतीपासून दूर ठेवा. कोंबड्यांचे सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्या. ढीग हलवायचा तो भर दुपारी, पायात बूट घालून, आधी लांब काठीने वरचे थर एकेक सारून. हात घालायचा तो सगळ्यात शेवटी.