डोंगराची भेग आणि जमिनीतला फॉल्ट: कळव्याच्या विद्यार्थिनीला उत्तर

कळव्याहून अकरावी सायन्सची एक विद्यार्थिनी लिहिते: पावसाळ्यात घरामागच्या पारसिकच्या डोंगराला धनुष्यासारखी भेग पडली. शिकवणीच्या सरांच्या मते ती फॉल्टसारखीच, म्हणजे जिच्या दोन बाजूंचा खडक एकमेकांवरून सरकतो त्या भेगेसारखी. मग ही भेग आणि कोयनेचा भूकंप एकच का? हेच शिकायचं आहे, पण घरचे म्हणतात इंजिनिअरिंग घे.

आधी भेगेचं. वाकलेली आणि दोन्ही टोकं उताराच्या दिशेला वळलेली भेग म्हणजे उतार वरून सुटायला लागला असण्याची खूण. महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला आजच कळवा. ती रुंद होतेय का हे बघायला तू वर चढू नकोस. घराजवळच्या भिंतीला नवा तडा, अडकायला लागलेलं दार, एकाएकी गढूळ झालेला झरा, यातलं काहीही दिसलं तर लगेच घर सोडून दुसरीकडे जा.

आता प्रश्नाकडे. सरांचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धं. सरकणाऱ्या दरडीचा माथा ताणला जातो. तिथला तुकडा खाली बसतो आणि मागे उभा कडा उरतो. नॉर्मल फॉल्टची रचना हीच. पायथ्याशी तोच माल पुढच्या जमिनीवर चढतो, फुगवटे येतात, तो थ्रस्ट. दोन्ही कडांना सरकती जमीन स्थिर जमिनीला घासत जाते आणि एकाआड एक तिरक्या भेगा पडतात, स्ट्राइक-स्लिप फॉल्टवर, म्हणजे जिथे दोन बाजू आडव्या सरकतात तिथे, पडतात तशाच. पुस्तकातले तिन्ही प्रकार एका उतारावर! घसरलेल्या पातळीवरची चिकणमाती चकचकीत असते, तिच्यावर बारीक समांतर ओरखडे असतात आणि त्यांवरून जमीन कुठल्या रेषेत सरकली ते कळतं. फॉल्टच्या खडकावरही असाच ओरखड्यांचा चकचकीत पृष्ठभाग मिळतो, त्याला स्लिकनसाइड म्हणतात. अमेरिकेतल्या कोलोराडोतली स्लमगलियन नावाची दरड वेगवान भागात वर्षाला काही मीटर सरकते. कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास फॉल्टच्या दोन बाजूंना एकमेकींपासून तेवढं सरकायला साधारण शतक लागतं. म्हणून फॉल्टचे अभ्यासकही त्या दरडीवर मोजमापं घेतात.

फरक आहे तो जोर कुठून येतो आणि किती खोलीवर, यात. दरडीला तिचं स्वतःचं वजन ओढतं. माल खाली येऊन स्थिरावला की जोर संपतो, पुन्हा कोणी पायथा कापेपर्यंत किंवा पाणी मुरेपर्यंत. फॉल्टला भूपट्टांचा ताण ढकलतो. खडक वर्षानुवर्षं थोडा थोडा वाकत राहतो आणि घर्षण हरलं की झटक्यात सुटतो; ती साठलेली ऊर्जा एकदम बाहेर पडणं म्हणजे भूकंप. मग ताण पुन्हा साठू लागतो. खोलीचा हिशेब तूच कर: दहा किलोमीटरवर वरच्या खडकाचा भार दहा मीटरवरच्या भाराच्या साधारण हजारपट. तिथे घर्षण मोडायला लागणारा जोरही त्याच प्रमाणात मोठा.

दोघांना जोडणारा दुवा पाण्याचा. भेगांतलं पाणी दोन पृष्ठभागांमधला दाब स्वतः पेलतं, घर्षण कमी होतं. 22 अंशांचा उतार आणि 33 अंश घर्षणकोनाची (म्हणजे कोरडी असताना तेवढ्या उतारापर्यंत न घसरणारी) सुटी माती घे. कोरडी असताना tan 33 भागिले tan 22, म्हणजे सुरक्षा गुणांक (धरून ठेवणारा जोर भागिले खाली ओढणारा जोर) 1.6. पृष्ठभागापर्यंत पाणी भरून उताराला समांतर वाहू लागलं की तो जवळजवळ निम्मा, 0.8. एकच्या खाली गेला की उतार टिकत नाही. आपल्याकडे बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा थर असतो. भेगांतून उतरलेलं पाणी त्यावर साचतं, म्हणून कोसळण्याची सुरुवात अनेकदा तिथे होते. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरायला लागल्यावर भूकंप वाढले आणि 11 डिसेंबर 1967 ला 6.3 तीव्रतेचा धक्का बसला. त्यामागेही जलाशयाच्या पाण्यानं वाढलेल्या दाबाचा मोठा वाटा मानला जातो.

वरचं गणित करताना मजा आली, की ओरखडे बघावेसे वाटले? वाट त्यावर ठरेल. खडक, नकाशे, रानोमाळ भटकंती आवडत असेल तर बी.एस्सी. भूगर्भशास्त्र (मुंबईत सेंट झेवियर्समध्ये आहे), मग जॅम परीक्षेतून आयआयटीत एम.एस्सी. भूकंप, लहरी, आकडे ओढत असतील तर भूभौतिकी. तिथे भौतिकशास्त्रातून एम.एस्सी. करूनही जाता येतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही देशात दरडींच्या अभ्यासाची मुख्य संस्था. तिथली भरती यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून होते, त्यासाठी एम.एस्सी. लागतं आणि वय 21 ते 32. भूभौतिकीतलं संशोधन कसं चालतं ते जवळून बघायचं तर नवी पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. खुल्या दिवशी जरूर जा.

घरच्यांचा इंजिनिअरिंगचा आग्रह मला चुकीचा वाटत नाही. सिव्हिल करून जिओटेक्निकलमध्ये (माती-खडकाच्या इंजिनिअरिंगमध्ये) एम.टेक. केलंस तर हाच उतार तू सावरशील: निचऱ्याचे पाइप, खडकात रोवलेले रॉक बोल्ट, जाळ्या, पायथ्याची भिंत. भिंत पडते ती बहुतेकदा मागचं पाणी निघायला वाटच ठेवलेली नसते म्हणून. यातली कुठलीही वाट धरलीस तरी गणित सोडू नकोस. भूगर्भशास्त्राला गणित लागत नाही असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस.