चूक आधी ऐका, मग खोडा

इंदूरच्या रामबागेत लहान मुलांची इंग्रजीची शिकवणी सुरू करताय, फार बरं वाटलं. एकच आग्रह आहे, वही हातात आली की लगेच लाल पेन चालवू नका. ‘जंप’चा भूतकाळ लिहिताना मूल शेवटी टी लावतं, कारण तिथे त्याला ‘ट’च ऐकू येतो. कान अगदी बरोबर आहे त्याचा! अशा वेळी ‘जंप’, ‘प्ले’ आणि ‘वॉन्ट’ यांचे भूतकाळ एकाखाली एक लिहा आणि मोठ्याने म्हणवून घ्या. शेवटी ट, ड, इड असे तीन उच्चार, पण लिहायचं तिन्ही वेळा ई-डी. हे एकदा उमगलं की मुलं स्वतःच असे शब्द शोधत सुटतात.

व्ही आणि डब्ल्यूचा घोळ आपल्या इंदूरला जास्तच, कारण शाळेतल्या हिंदीत दोन्हींना ‘व’. घरची मराठी इथे कामाला येते. आपण ‘व्हॅन’ आणि ‘वॉच’ वेगळं लिहितो, तेच दाखवा.

कॅपिटल अक्षरं देवनागरीत नाहीतच, मुलं ती विसरणारच. वाक्याशेवटी हिंदीची उभी रेघ आली तरी रागावू नका, शेजारी टिंब काढून दाखवा. श्रुतलेखनाला पाच-सहा शब्द पुरेत, पण एकाच नियमाचे घ्या.