लर्निंग लायसनच्या परीक्षेला काय वाचू, की एजंटला देऊन टाकू?

विचारणाऱ्या ताई नाशिकच्या सिडकोत राहतात. वय बेचाळीस, स्कूटी शिकायची आहे. परीक्षा कॉम्प्युटरवर असते म्हणून पोटात गोळा आलाय आणि ओळखीचा एजंट सांगतोय, "तुम्ही काहीच करू नका, मी बघतो." तर काय वाचावं, किती वाचावं, की त्याच्याकडेच सोपवावं, असा प्रश्न आहे.

ताई, पेठ रोडला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दिवसभर लर्निंगवालेच येतात, तेव्हा जे समोर दिसतं ते सांगतो.

परीक्षा मराठीत देता येते. फॉर्म भरताना भाषा नीट निवडा, म्हणजे झालं. 15 प्रश्न येतात, 9 बरोबर आले की पास. एकेका प्रश्नाला ठरावीक सेकंदच मिळतात आणि वेळ संपली की पुढचा प्रश्न आपोआप येतो, त्यामुळे विचार करत बसायला जागा नाही. नापास झालात तरी आकाश कोसळत नाही, परीक्षेची फी परत भरून पुन्हा बसता येतं.

आता माझं निरीक्षण. काही न वाचता आलेला कॉलेजचा पोरगा कसाबसा तरी निघून जातो. अडकतात ती वर्षानुवर्षं गाडी चालवणारी किंवा मागे बसून नाशिक पाहिलेली माणसं. कारण ती आपल्या द्वारका सर्कलला जे चालतं ते उत्तर देतात. परीक्षेत विचारलेलं असतं कायद्यात काय आहे ते.

ओझरकडचे एक द्राक्षवाले काका आले होते. ट्रॅक्टर, पिकअप सगळं चालवलेलं, फक्त कागद नव्हता. त्यांना दुकानातच सरावाला बसवलं. प्रश्न आला: पादचारी झेब्रा क्रॉसिंगवर रस्ता ओलांडायला थांबलेत, तुम्ही काय कराल? काकांनी क्षणात "हॉर्न वाजवून पुढे जाणे" दाबलं. मी म्हटलं, काका, गाडी थांबवायची, ते गेले की मग निघायचं. तर म्हणाले, "अरे, पण हॉर्न नाही दिला तर तो मधे येईल ना!" पुढच्या प्रश्नाला निळ्या गोलात लाल फुली होती. काका म्हणाले, नो पार्किंग. नाही. नो पार्किंगला एकच तिरपी रेघ असते. फुली म्हणजे तिथे थांबायचंच नाही, गाडी चालू ठेवून दोन मिनिटंसुद्धा नाही. ही जोडी बऱ्याच जणांचा घात करते, एवढी एक तरी आजच डोक्यात बसवा.

चिन्हं पाठ करायला गेलात तर कंटाळाल. आधी आकार बघा. लाल कडेचा त्रिकोण असेल तर पुढे काहीतरी आहे, सांभाळा: वळण, शाळा, अरुंद पूल, रेल्वे फाटक. लाल कडेचा गोल मनाई किंवा मर्यादा सांगतो. निळ्या गोलात पांढरं चित्र असेल तर ते केलंच पाहिजे. निळा चौकोन नुसती माहिती देतो, दवाखाना, पेट्रोल पंप वगैरे. अपवाद दोन: 'थांबा'चा अष्टकोन आणि 'रस्ता द्या'चा उलटा त्रिकोण. एवढं पक्कं असलं की न पाहिलेल्या चिन्हाचंही उत्तर अर्धं सापडतं. उदाहरणार्थ भोंगा. लाल गोलात कापलेला असेल तर वाजवू नका, निळ्या गोलात असेल तर वाजवाच. आणि त्रिकोणात फाटकाचं चित्र असेल तर रेल्वे क्रॉसिंगवर फाटक आहे. नुसतं इंजिन असेल तर फाटक नाही. बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर गाडी थांबवून, उतरून, रुळाजवळ जाऊन गाडी येत नाही ना हे बघायचं असतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण कायदा तसाच आहे आणि प्रश्न येतो.

बाकी नियमांत फसवणारे थोडेच आहेत. सर्कलला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं (मुंबई नाक्यावर संध्याकाळी हे करून बघा, मागचे लोक तुमचा उद्धार करतील, पण उत्तर तेच). घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, मग वणीच्या गडावरून तुम्ही कितीही घाईत उतरत असा. ओव्हरटेक उजव्या बाजूने. अपघात झाला तर जखमीला दवाखान्यात पोहोचवायचं आणि जवळच्या पोलीस ठाण्यात 24 तासांच्या आत कळवायचं. दारूची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. हेल्मेटबद्दल नाशिककरांना वेगळं सांगायला नको, 15 ऑगस्ट 2021 पासून आपल्याकडे पंपावर 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' झालेलं तुम्हीही पाहिलं असेलच. फक्त मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचं आहे, हे लोक विसरतात.

सरावाला 'सारथी' या लायसनच्या सरकारी साइटवर मॉक टेस्ट आहे, फुकट. यूट्यूबवरच्या "हमखास येणारे प्रश्न" छाप व्हिडिओंपेक्षा ती चार वेळा द्या. हाताला माउसची सवय होते, तुमची निम्मी भीती तीच आहे.

एजंटचं म्हणाल तर फॉर्म भरून घ्यायला, कागद अपलोड करायला कोणाची मदत घेतली तर बिघडलं नाही, माझंही पोट त्यावरच आहे. पण परीक्षा दुसऱ्याला द्यायला लावू नका. 2021 पासून महाराष्ट्रात आधारवरून घरबसल्या परीक्षा देता येते, आरटीओत जायची गरज नाही. कॅमेऱ्यासमोर तुमचाच चेहरा लागतो आणि ओटीपी तुमच्याच नंबरवर येतो. "ओटीपी सांगा, बाकी मी बघतो" म्हणणाऱ्याला आधार आणि ओटीपी दोन्ही देऊन बसू नका. नियमाने फी लर्निंगची 150 आणि परीक्षेची 50. पुढेमागे कार शिकायचा विचार असेल तर आत्ताच दोन्ही प्रकार टाका. प्रकारामागे 150 जास्त जातील, पण परीक्षा एकच.

चाळिशी ओलांडल्यामुळे तुम्हाला डॉक्टरकडून फॉर्म 1-अ, म्हणजे तब्येतीचा दाखला, लागेल, तो आधीच भरून घ्या. लर्निंग सहा महिने चालतं, आणि 30 दिवस झाले की पक्क्या लायसनच्या चाचणीला जाता येतं. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा आणि मागे शिकवणाऱ्याशिवाय कोणी नको. मुलाला क्लासला सोडायचं एवढ्यात मनात आणू नका.

घरून देणार असाल तर आधारला कोणता नंबर जोडलाय ते आजच बघा. बऱ्याच घरांत तो मोबाइल मिस्टरांच्या खिशात असतो आणि मिस्टर अंबडला फर्स्ट शिफ्टला. ओटीपी तिकडे येऊन जातो, इकडे आपण स्क्रीनकडे बघत बसतो. त्यापेक्षा त्यांच्या सुट्टीचा दिवस धरा.