उमरेडकडच्या ताईंना: अंड्यांची काळजी नको, लशीची बाटली मात्र हातात घेऊन बघा

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. 18 कोंबड्या, दसऱ्यापासून अंडी 11 वरून 3 वर, खुराड्यात पिसंच पिसं, वाडीतली मेथी उकरून टाकलेली. परवाच्या बाजारातून आणलेला कोंबडा त्याच खुराड्यात. आणि दवाखान्यात लस मागायला गेलात तर "100 पक्षी जमवा, मग या" म्हणून परत पाठवलं. हे शेवटचं वाचलं आणि 2019 ची दिवाळी डोळ्यांपुढे आली, म्हणून लांबलचक लिहितेय. मी डॉक्टर नाही. 14 वर्षं घरच्या वाडीत कोंबड्या आणि भाजीपाला करतेय, तेवढंच माझं शिक्षण. औषधाचा डोस मला विचारू नका, तो पशुवैद्यालाच विचारायचा.

खुराडं, पाणी, दाणा हे तुम्हाला ठाऊकच आहे, त्यात शिरत नाही.

अंड्यांचं आधी सांगून टाकते, कारण त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कोंबडीचं अंडं उजेडावर चालतं. भरपूर अंडी द्यायला तिला 14 ते 16 तास उजेड लागतो, आणि आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम 11 तासांचा. दसऱ्यानंतर ती जुनी पिसं टाकते, नवी आणते, आणि अंगातली ताकद तिकडे जाते. दोन-तीन महिने हे चालायचंच. पिसं गळताहेत पण कोंबडी उकरतेय, खातेय, भांडतेय, तर ती ठीक आहे. बल्ब लावायचा सल्ला पुष्कळ जण देतील. घरच्या 18 कोंबड्यांना तो लावू नये असं माझं मत. वर्षभर दिलंय त्यांनी, आता बसू द्या. कुणाची वेगळी मतं असतील, मला भांडायचं नाही.

आता लस. इथे मात्र थांबून वाचा.

2019 मध्ये माझ्याकडे 42 पक्षी होते, गावरान आणि गिरीराज मिळून. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस द्यायची ठरवली. मलाही तेच उत्तर मिळालं होतं की बाटली 100 डोसची असते, एका घरासाठी फोडता येत नाही. त्यात खोटं काही नाही, एकदा द्रावणात मिसळलेली लस उरवून ठेवता येत नाही. मग मी घरोघरी फिरले. शेजारच्या काकूंचे 31, आणखी दोन घरांचे मिळून 30. 103 पक्षी झाले. टोचायचं प्रशिक्षण मी आधी घेतलं होतं, त्यामुळे चौघी निर्धास्त होतो.

10 ऑक्टोबरला, दसऱ्यानंतर दोन दिवसांनी, एसटीनं तालुक्याला गेले. तिथल्या माणसानं रजिस्टरवर सही घेतली आणि फ्रीज उघडला. आतला दिवा लागला नाही. तेव्हा ते नुसतं डोळ्यांनी बघितलं, मनात काही आलं नाही. दारातल्या खणातून त्यानं बाटली काढली, बोटभर उंचीची, तळाशी सुकलेल्या लशीची पांढरट टिकली. ती माझ्या तळहातावर ठेवली तेव्हा गार लागली नाही. काचेवर दव नव्हतं. ऑक्टोबरच्या उन्हात फ्रीजमधून काढलेल्या काचेला क्षणात दव धरतं, हे घरात रोज बघणारी बाई मी. पण सरकारी माणसाला "फ्रीज चालू आहे का" असं विचारायचं कसं, म्हणून गप्प बसले. बर्फाचं विचारलं तर म्हणाला, "तासाभरात पोचाल, काही होत नाही." बाटली रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीखाली. एसटी दीड तास आली नाही. घरी पोचून संध्याकाळची वाट बघितली, कारण कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर धरायला सोप्या. टोचायला सुरुवात झाली तेव्हा बाटली घेऊन सात तास झाले होते.

दिवाळी छान गेली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, 30 तारखेला, काकूंची पहिली कोंबडी बसली. पिसं फुगवलेली, डोळे मिटलेले, हिरवट-पांढरी हागवण. दुसऱ्या दिवशी तिची मान पिळवटून पाठीवर गेली, दाणा टिपायला जायची आणि चोच भलतीकडेच पडायची. मग माझ्याकडे. नऊ दिवसांत माझे 42 पैकी 36 गेले, काकूंचे 31 पैकी 27. लस देऊन 20 दिवस झाले होते. लस जिवंत असती तर तोवर अंगात भिनली असती, हे मला नंतर एका निवृत्त पशुवैद्यांनी समजावलं. मानमोडीची ती लस म्हणजे जिवंत पण सौम्य केलेला विषाणू. तो 2 ते 8 अंशांतच टिकतो. गरम झाला की मरतो, आणि मेलेली लस दिसायला अगदी जिवंत लशीसारखीच दिसते.

मेलेली कोंबडी पिशवीत घालून त्याच दवाखान्यात गेले. पिशवी उघडूनसुद्धा बघितली नाही. "तुमच्या नावावर लस दिल्याची नोंद आहे, म्हणजे मानमोडी असू शकत नाही. थंडीनं मेल्या असतील." ऑक्टोबरअखेरीस कसली थंडी? नमुना पुढे पाठवा म्हटलं तर साहेब रजेवर. तीन फेऱ्या मारल्या, तीन वेळा वेगळं कारण. नोंदीच्या एका ओळीनं माझे 36 पक्षी त्यांच्यापुरते मेलेच नाहीत. सगळे दवाखाने असे नसतात, पुढच्या वर्षी बदलून आलेल्या डॉक्टरांनी स्वतः बर्फ भरून दिला, हेही सांगितलं पाहिजे. पण त्या तीन फेऱ्यांचा राग अजून गेलेला नाही.

पैशाचं नुकसान भरून निघालं. काकूंनी मात्र माझ्या शब्दावर पक्षी टोचून घेतले होते. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. पुन्हा कोंबड्या पाळल्याही नाहीत. त्यांच्या खुराड्यात आता गोवऱ्या रचलेल्या असतात.

म्हणून ताई, 100 पक्षी जमवाच. बचत गटात विषय काढा, उमेद अभियानाची पशुसखी, म्हणजे गावातली जनावरांसाठीची प्रशिक्षित कार्यकर्ती, असेल तर तिला सोबत घ्या. जाताना स्वतःचा थर्मास न्या, बर्फानं भरलेला. बाटली हातात घेऊन बघा, गार नसेल तर सही करू नका. वाईट वाटेल, वाटू द्या. लस आणि सोबतचं द्रावण दोन्ही बर्फातच ठेवा. पक्षी आधीच डालग्याखाली झाकून ठेवायला सांगा, म्हणजे मिसळल्यापासून तासाभरात बाटली संपते. सिरिंज आणि सुई उकळून थंड करून घ्या, स्पिरिटनं पुसू नका, स्पिरिटनं लस मरते. मानमोडीच्या लशी दोन: पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा एक थेंब डोळ्यात, आणि आठ आठवड्यांनंतर आरटूबी सुईनं, हा साधारण क्रम. लहान पिल्लांना आरटूबी कधीच नाही. आजारी पक्ष्याला कुठलीच लस नाही.

आणि तो बाजारातला कोंबडा आजच बाहेर काढा. वेगळं डालगं, वेगळं भांडं, त्याचं काम सगळ्यात शेवटी, मग हात-पाय धुवायचे. निदान 15 दिवस, जमलं तर 21. दिवाळीच्या बाजारात गावोगावचे पक्षी एका दोरीला बांधलेले असतात, कुठला काय घेऊन येईल सांगता येत नाही.

एकाएकी पुष्कळ पक्षी मेले, तुरे काळेनिळे पडले, तर मात्र मानमोडी धरून बसू नका. हात लावू नका, कापू नका, 1962 या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन करा. बर्ड फ्लू आपल्यापासून लांब नाही, 2025 च्या जानेवारीत नागपूरच्या गोरेवाड्यात वाघ त्यानंच गेल्याचं निघालं होतं.

दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, पण हंगाम त्यांचाच आहे. सोयाबीन निघाल्यावर खळ्यावरचा दाणा कोंबड्यांना घालू नका. कच्च्या सोयाबीनमधल्या एका घटकानं त्यांना प्रथिनं पचत नाहीत, पोट भरतं आणि अंग धरत नाही. भाजून भरडलेला थोडा चालतो. परतीच्या पावसात भिजून बुरशी आलेला मका तर उकिरड्यावरही टाकू नका, तिथे त्या पोचतातच. दुसरं, चण्याची पेरणी. औषध लावलेलं गुलाबी बियाणं अंगणात सांडतं आणि कोंबड्या ते आधी टिपतात. त्या औषधातलं थायरम हे बुरशीनाशक पोटात गेलं की मऊ कवचाची अंडी येतात, पिल्लांचे पाय वाकतात. बियाण्याला औषध चोळायचं तर शेतातच चोळायला सांगा. आमच्या घरी यावरून दरवर्षी वाद होतो आणि दरवर्षी मी ऐकवते.

मेथीचं सांगते. चूक कोंबड्यांची नाही, वेळेची आहे. भादव्याच्या शेवटी काकडी-दोडक्याचे वेल काढले की 10-15 दिवस कोंबड्या वाडीत मोकळ्या सोडायच्या. हुमणी, अळ्या, गवताचं बी, सगळं वेचतात. मग वाफे करायचे आणि मार्गशीर्षापर्यंत वाडी बंद. मी तुराट्यांचा कंबरभर कूड करते आणि वर बोरीच्या काट्या ठेवते, नुसत्या कुडावरून गावरान कोंबडी सहज उडून जाते. पेरलेल्या वाफ्यावर पहिले 15 दिवस पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, आडव्या टाकल्या की उकरायला जागाच उरत नाही. आता पुन्हा मेथी पेरलीत तर महिन्याभरात भाजी हाती येईल, वेळ गेलेली नाही. पालक, मुळा, सांभार तर अजून पंधरवडाभर पेरत राहा.

खुराड्यातली ताजी विष्ठा वाफ्यात घालू नका, रोपं जळतात. कुटार (भुसा) आणि पालापाचोळा मिसळून खड्ड्यात तीन महिने कुजू द्या, उन्हाळी भेंडी-चवळीला ते खत वापरा. यंदाच्या वांग्यांना गाईचंच शेणखत द्या.

मुळ्याचा पाला, मेथीची देठं, शेवग्याचा पाला यांची जुडी बांधून खुराड्यात कोंबडीच्या मानेच्या उंचीवर टांगत जा. मातीत टाकली तर तुडवून घाण करतात, टांगलेली पार दोरीपर्यंत खातात. पिवळा बलक केशरी होतो तो याच्यानंच.

हे सगळं सावकाश होईल. उद्या सकाळी खुराडं उघडाल तेव्हा आधी त्या बाजारच्या कोंबड्याखालची विष्ठा बघा आणि रंग कसा आहे ते इथे लिहा.